चिलखत किती फाशांत तयार होतं?

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेममध्ये राक्षस मारायला उत्साह असतोच. पण एखादा खेळाडू म्हणाला, ‘माझा लोहार आता चिलखत घडवणार’, की खेळ चालवणारा गेम मास्टर गडबडतो. मग काही समजुती पुढे येतात.

सर्वांत चिवट समजूत अशी, की काम मोठं असेल तर स्किल चेक, म्हणजे फासा टाकून घेतलेल्या कौशल्याच्या परीक्षाही जास्त हव्यात. गणित करून बघा. एका चेकमध्ये यशाची शक्यता 65 टक्के आहे आणि सलग पाच यशं हवीत, तर काम तडीला जाण्याची शक्यता 12 टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे आपल्या धंद्यात चांगला मुरलेला कारागीर दहापैकी जवळपास नऊ वेळा तोंडावर आपटणार! ‘अमुक इतक्या अपयशांआधी इतकी यशं’ ही रचनाही वाटते तितकी सौम्य नाही. दर चेकला 70 टक्के शक्यता धरली, तरी तीन अपयशांआधी आठ यशं मिळणं 38 टक्क्यांच्या आसपासच जमतं.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये रोज फासा टाकावा लागतो, हाही गैरसमजच. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या प्लेअर्स हँडबुकात वस्तू घडवायला चेकच नाही. अवजारं हाताळायचं कौशल्य आणि निम्म्या किमतीचा कच्चा माल असला, की दिवसाला पाच सुवर्णनाण्यांचं काम होतं. प्लेट चिलखताची किंमत 1500 नाणी, म्हणजे एकट्याला 300 दिवस. तेवढ्यात मोहीम संपायची! 2017 च्या ‘झॅनथार्स गाइड’ या पूरक पुस्तकाने वेग वाढवला: पाच दिवसांच्या आठवड्याला 50 नाणी. तरीही 150 दिवस लागतातच.

नॅचरल 20, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर थेट 20 पडला की काम फत्ते, असं 2014 च्या नियमांत नाही. तो आपोआप लागू पडतो हल्ल्याला, स्किल चेकला नाही.

अपयश आलं की केलेलं सगळं वाया, असंही अनेकांना वाटतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या 3.5 आवृत्तीतसुद्धा थोडक्यात हुकलं तर फक्त तो आठवडा फुकट जायचा. पाच किंवा अधिक गुणांनी हुकलं, तरच निम्मा कच्चा माल नासायचा. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळाने तर प्रश्नच बदलला. तिथे लांबच्या कामासाठी सहसा आठ घरांचं वर्तुळ काढतात. सहा बाजूंच्या फाशांपैकी सर्वांत मोठा आकडा धरायचा: 1 ते 3 आला तर एक घर भरतं, 4 किंवा 5 ला दोन, 6 ला तीन आणि दोन षटकार पडले तर पाच. रिकाम्या हाताने कोणीच परतत नाही. दोन फासे टाकणाऱ्याचं काम साधारण चार खेपांत उरकतं. काम होणार की नाही, हे फासा ठरवत नाही. किती लवकर, एवढंच ठरवतो. माझ्या मते लांबच्या कामासाठी हीच पद्धत सर्वांत शहाणी.

तेव्हा पुढच्या वेळी चेक मागण्याआधी, हुकल्यास नेमकं काय बिघडेल ते खेळाडूला सांगा. सांगण्यासारखं काहीच नसेल, तर फासा बाजूला ठेवा आणि दिवस मोजा.