वाहत्या बर्फाची वाट

इ. स. १८८१ मध्ये ‘जीनेट’ नावाचे जहाज सैबेरियाच्या उत्तरेस बर्फात सापडून चिरडले गेले. तीन वर्षांनी त्याचे काही अवशेष सापडले, ते थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर! ध्रुवसमुद्राच्या एका टोकाचे सामान दुसऱ्या टोकास कसे पोहोचले? नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी ताडले, की ध्रुवाभोवतालचे बर्फ स्थिर नसून सावकाश वाहत आहे. ते पडताळण्यासाठी १८९३ मध्ये त्यांनी ‘फ्राम’ हे गोलसर बुडाचे जहाज मुद्दाम बर्फात अडकविले. कित्येक जाणत्या दर्यावर्दींनी हा वेडेपणा ठरविला. पण बर्फाचा दाब वाढला, की ‘फ्राम’ चिरडण्याऐवजी वर उचलले जाई. तीन वर्षे वाहत जाऊन १८९६ मध्ये ते स्पिट्सबर्गेनजवळ सुखरूप मोकळे झाले.

या वाहत्या बर्फाचा जगाच्या हवामानाशी निकटचा संबंध आहे. ताज्या हिमाने झाकलेले बर्फ सूर्याचा ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवून लावते. उघडा समुद्र मात्र त्यातील बहुतेक भाग शोषून घेतो. म्हणून बर्फ वितळले, की समुद्र तापतो, आणि समुद्र तापला, की आणखी बर्फ वितळते. हिवाळ्यात हेच बर्फ समुद्रावर झाकणासारखे बसते. खाली पाणी उणे दोन अंशांच्या आसपास, तर वर हवा उणे तीस अंशांवर! झाकणाला भेग पडली, की समुद्राची ऊब हवेत निसटते.

मिठाची करामत याहूनही नवलाची आहे. खारे पाणी गोठताना बहुतेक मीठ बाहेर टाकते. त्यामुळे खालचे थंड पाणी अधिक खारट, म्हणून अधिक जड होते व तळाकडे जाते. ग्रीनलंडच्या आसपासच्या समुद्रांत असे जड, थंड पाणी बुडते आणि त्याची जागा भरण्यास दक्षिणेकडचे उबदार पाणी येते. त्या प्रवाहामुळे व नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे ध्रुववृत्तापलीकडील ट्रॉम्सो बंदर भर हिवाळ्यातही गोठत नाही. वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी फार मिसळले, तर मात्र हे बुडणे मंदावते.

सप्टेंबर १९८० मध्ये उत्तर ध्रुवसमुद्रावर ७५ लाख चौरस किलोमीटरांहून अधिक बर्फ होते. सप्टेंबर २०१२ मध्ये ते सुमारे ३६ लाखांवर आले. २०१९ मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजाने ‘फ्राम’प्रमाणेच स्वतःस बर्फात गोठवून घेतले आणि बर्फ, पाणी व हवा यांची मोजमापे केली. भारताचे ‘हिमाद्रि’ हे केंद्रही २००८ पासून स्पिट्सबर्गेन बेटावर आहे. जवळच्या खाडीत २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी उपकरणे सोडली, ती पाण्याची उष्णता व खारटपणा मोजण्यासाठी.