एक नाव, चार दप्तरे

ज्या कलकत्त्याने 1742 साली मराठा घोडेस्वारांच्या, म्हणजे बारगिरांच्या, धास्तीने ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला, त्याच नगरीच्या फोर्ट विल्यममध्ये आज मराठी जवानांची बिऱ्हाडे नांदत आहेत. किल्ल्याचे नावही आता कोकणकिनाऱ्यावरील मराठी जलदुर्गावरून विजय दुर्ग असे झाले आहे. अशाच एका बिऱ्हाडी, मराठा पलटणीतून लवकरच निवृत्त व्हावयाच्या एका सातारकर हवालदारांच्या कन्येसाठी शिष्यवृत्तीचे कागद जुळविण्याच्या कामी मी गेल्या उन्हाळ्यात बसलो होतो.

किल्ल्यातीलच केंद्रीय विद्यालयातून ती बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती, आणि अभियांत्रिकीस प्रवेश मिळताच केंद्रीय सैनिक मंडळाकडील पंतप्रधान शिष्यवृत्तीसाठी अर्ज करण्याचा बेत होता. मुलीस दरमहा 3000 रुपये, मुलास 2500; देशभरात वर्षाला 5500 जागा, त्यांतील निम्म्या मुलींच्या. पात्रतेस किमान 60 टक्के गुण लागतात. परंतु वीरगती पावलेल्यांची व अपंगत्व आलेल्यांची अपत्ये प्रथम, आणि सामान्य माजी सैनिकांची अखेरीस, असा न्याय्य क्रम असल्यामुळे शेवटच्या वर्गातील विद्यार्थ्यास साठ टक्क्यांच्या भरवशावर राहता येत नाही. पिता सेवेत असेतो हा अर्ज करता येत नाही, हेही पुष्कळांना उशिरा कळते.

गुणांची चिंता आम्हांस नव्हती. चिंता होती नावाची. शाळेच्या गुणपत्रिकेवर मुलीचे नाव व आडनाव एवढेच. आधारपत्रावर आपल्याकडील रीतीप्रमाणे मध्ये पित्याचे नाव. बँकेच्या पुस्तकात आडनाव आधी. आणि पलटणीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात, जन्माच्या वेळी निघालेल्या पार्ट टू ऑर्डरीत, म्हणजे जवानाच्या कुटुंबाच्या लष्करी नोंदीत, आजीने ठेवलेले पाळण्यातले नाव. रोज अंगणात हाक मारली जाणारी ती एकच मुलगी चार दप्तरांत चौघीजणी होऊन बसली होती. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून माजी सैनिकाचा दाखला घ्यावयाचा तर तेथे लष्करी नोंदीशी रुजुवात होणार, आणि तेथे नाव जुळले नाही तर पुढील सारे कागद निरुपयोगी.

म्हणून प्रथम प्रतिज्ञापत्र, मग त्याच्या आधारे नावदुरुस्तीची नवी पार्ट टू ऑर्डर, असा क्रम ठरला. पलटणीतील कारकुनाने मसुदा दोनदा तपासून दिला, आणि त्या तरुणाच्या दक्षतेचे मला मनापासून कौतुक वाटले. कारण सेवेत असता जे काम शेजारच्या खोलीत होते, तेच निवृत्तीनंतर गावाहून करावयाचे म्हणजे पत्रव्यवहार आणि प्रतीक्षा, आणि तेवढ्यात अर्जाची मुदत उलटून जाते. बुद्धिमान मुलांच्या हातून शिष्यवृत्ती निसटते ती पुष्कळदा अशी, परीक्षेच्या कितीतरी आधी झालेल्या एखाद्या नोंदीमुळे. जवानाच्या निवृत्तीपूर्वी एक वर्ष प्रत्येक पलटणीने त्याच्या अपत्यांच्या नावांची खातरजमा सक्तीने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवालदारांचा धाकटा मुलगा आठवीत आहे. बोर्डाकडे नाव नववीत नोंदले जाते, हे ध्यानी येताच त्यांनी त्याचेही कागद त्याच बैठकीत बाहेर काढले.