आकाशातील अंतर आणि वेळ

वऱ्हाडातील प्रवासी पिढ्यान् पिढ्या आगगाडीने मुंबईस जात आला आहे. अमरावतीहून सायंकाळी निघावे, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, नाशिक ही स्थानके मागे टाकावी, कसाऱ्याचा घाट उतरावा आणि सकाळी मुंबई गाठावी, असा हा रात्रभराचा प्रवास होय. या लोहमार्गाची लांबी सुमारे 670 किलोमीटर आहे. 16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीजवळील बेलोरा विमानतळ व मुंबई यांच्या दरम्यान नियमित विमानसेवा सुरू झाली. आकाशमार्गे हेच अंतर सुमारे 540 किलोमीटर भरते. लोहमार्गाला डोंगर, नद्या आणि गावे पाहून वळणे घ्यावी लागतात. विमानाला अशी वळणे घेण्याचे कारण नसते.

या मार्गावर प्रथम जे विमान आले, ते उंचावर असताना ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने जाते. मग 540 किलोमीटर जाण्यास एक तास आणि वर थोडी मिनिटे पुरावीत. परंतु आरंभीच्या वेळापत्रकात 1 तास 45 मिनिटे दिलेली होती. उरलेला वेळ कोठे गेला? विमान जागेवरून हलले, की प्रवासाची वेळ मोजली जाऊ लागते. ते जमिनीवरून सावकाश धावपट्टीकडे जाते. वर चढताना आणि खाली उतरताना त्याचा वेग कमी असतो. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्यासाठी पाळीही येऊ द्यावी लागते.

दूरच्या प्रवासात आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे पृथ्वीचा गोल आकार. सपाट नकाशावर मुंबई व न्यूयॉर्क यांना जोडणारी सरळ रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिका यांवरून जाते. परंतु पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो रशिया व युरोपचा उत्तर भाग यांवरून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग असून तो सुमारे 12,500 किलोमीटरांचा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे वारा. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. म्हणून मुंबईहून लंडनला जाण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळ परत येण्यास लागतो. अंतर तेच, पण जाताना वारा समोरून येतो आणि येताना तो पाठीशी असतो.

अंतर कमी असले म्हणजे वेळही कमी लागतो, असेही नाही. अमरावतीपेक्षा अकोला मुंबईस जवळ आहे. अकोल्याजवळ शिवणी येथे 1943 सालापासून विमानतळही आहे. परंतु तेथील धावपट्टी आखूड पडल्यामुळे, बेलोऱ्याहून सेवा सुरू झाली त्या वेळी अकोल्यास ती सोय मिळाली नव्हती. पश्चिमेस मुंबईकडे विमानाने जाऊ इच्छिणाऱ्या अकोलेकरास आधी सडकेने सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेस, अमरावतीकडे जावे लागे. तातडीच्या उपचारासाठी निघालेल्या रुग्णास अशा वेळी आकाशातील 540 किलोमीटरांपेक्षा सडकेवरील हे शंभर किलोमीटरच अधिक लांब वाटतात.

यास्तव प्रवासाचा हिशेब करताना केवळ दोन विमानतळांमधील अंतर मोजून भागत नाही. घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा सारा वेळ मोजावा लागतो.