बॅकअप कधीचा आहे?

टच पॅनेल गेलं की मशीनच गेलं, असं शॉप फ्लोअरवर धरून चालतात. वास्तविक मशीन चालवतो तो कॅबिनेटमधला पीएलसी. पॅनेल त्याच्याकडचे आकडे दाखवतं आणि आपले आकडे त्याला पोचवतं. पण रेसिपी, म्हणजे प्रत्येक पार्टच्या सेटिंगचे आकडे, पॅनेलच्या मेमरीत असतील, तर पीएलसी ठणठणीत असूनही दुसरा पार्ट लावता येत नाही. चाकणजवळच्या एका रबर मोल्डिंगच्या कारखान्यात हेच झालं होतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बटणं दाबून दाबून पॅनेलची काच तडकली होती. नवं पॅनेल आलं होतं. सीमेन्सच्या कम्फर्ट मालिकेतलं, अगदी त्याच मॉडेलचं. तसंच लागतं, कारण सात इंची पॅनेलचा बॅकअप नऊ इंचीवर चढत नाही.

"बॅकअप कधीचा आहे?" मी आधी तेच विचारलं.

"दिवाळीच्या शटडाउनचा, सर," मेंटेनन्सचा पोरगा म्हणाला. आता गणपती तोंडावर आले होते.

पॅनेलला चोवीस व्होल्टचा सप्लाय दिला, आयपी ॲड्रेस घातला, लॅपटॉपच्या ॲड्रेसचा शेवटचा आकडा तेवढा वेगळा ठेवला. पॅनेल ट्रान्सफर मोडला टाकून सीमेन्सच्या प्रोसेव्ह सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपची पीएसबी फाइल निवडली आणि रिस्टोअर दिलं. यात पॅनेलवर असलेलं सगळं पुसलं जातं आणि ऑपरेटिंग सिस्टिमसकट प्रोजेक्ट नव्याने भरला जातो. मध्येच वीज गेली तर पॅनेल अर्धवट राहतं, मग फॅक्टरी सेटिंगपासून पुन्हा सुरुवात. म्हणून लॅपटॉप चार्जरवर ठेवला, आणि कोणी चुकून एमसीबी पाडू नये म्हणून कॅबिनेटपाशी एक माणूस उभा केला.

पॅनेल रिस्टार्ट झालं, ओळखीची स्क्रीन आली. आकड्यांच्या जागी #### होते; पीएलसीची केबल लावताच तिथे मोल्डिंग प्रेसच्या प्लेटनचं तापमान दिसू लागलं. प्रॉडक्शनवाले लगेच प्रेस मागायला आले. इथे त्यांना थांबवावंच लागतं. दिवाळीनंतर बदललेलं काहीही त्या फाइलमध्ये नसतं, आणि पॅनेल त्याबद्दल कसलाही अलार्म देत नाही.

ऑपरेटर काकांनी खिशातून डायरी काढली. एकेक रेसिपी उघडून आम्ही ताळा घेतला. एका बुशच्या क्युरिंगला पॅनेलवर २४० सेकंद, डायरीत २७०.

"कंपाउंड बदललं तेव्हा वाढवले, साहेब. आतून कच्चं राहत होतं."

बाहेरून चकाचक दिसणारा तो बुश गाडीखाली लागल्यावर फाटला असता. असे आणखीही काही फरक निघाले, ते डायरी होती म्हणून. रिस्टोअरमधला खरा वेळ या ताळ्यालाच द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट कारखान्यांना उशिरा कळते. पीएसबी फाइल म्हणजे मूळ प्रोजेक्ट नव्हे. ती जशीच्या तशी पॅनेलवर चढते. उघडून त्यातलं एक बटणही हलवता येत नाही. त्यासाठी टीआयए पोर्टल या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमधला सोर्स लागतो, आणि तो बऱ्याचदा मशीन बनवणाऱ्याकडेच राहतो. पर्चेस ऑर्डरमध्येच तो मागून घ्यावा.

डायरीतले आकडे भरून झाल्यावर नवा बॅकअप घेतला. प्रोसेव्हमध्ये सगळ्याचा एकत्र बॅकअप घेता येतो, तसा फक्त रेसिपींचाही. दर महिन्याला रेसिपींचा बॅकअप घ्यायचा, फाइलच्या नावात तारीख घालायची आणि एक कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवायची, एवढं मेंटेनन्सच्या चेकलिस्टमध्ये त्याच दिवशी लिहून घेतलं.