रंगाखालचा संगमरवर

लंडनमध्ये जुनी व्हिक्टोरियन घरे घेतलेल्या मराठी मित्रांकडे गेलो, की फायरप्लेसच्या संगमरवरावर चढलेले रंगाचे थर पाहून माझेही हात शिवशिवतात. पण आवरावे! जुन्या रंगात शिसे असू शकते. ब्रिटनमध्ये अशा रंगाच्या सर्वसाधारण विक्रीवर १९९२ मध्ये बंदी आली. तो कोरडा घासला, की विषारी धूळ मुलांच्या पोटात जाते आणि थेट मेंदूवर घाला घालते. आम्ल तर वर्ज्यच. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाच्या रसानेही त्याची झिलई जाते. म्हणून आधी शिशाची चाचणी करावी. मग दगडाला चालणारा, आम्लरहित लेप कोपऱ्यात लावून पाहावा. रंग फुगला, की ओला असतानाच लाकडी पट्टीने अलगद उचलावा. पिढ्यांनी चढवलेला रंग एका दुपारी उतरवण्याची घाई दगडाला आणि लेकरांना, दोघांनाही महागात पडते.