लाकडापासून वायू – लेखांक ४ : आगोटीआधीचे जळण

लाकूड अपुऱ्या हवेत जाळले असता कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि थोडा मिथेन असलेला जो ज्वलनशील वायू निर्माण होतो, त्याला प्रोड्यूसर गॅस म्हणतात हे मागील लेखांकात पाहिले. त्या वायूवर इंजिन किती काळ निर्वेध चालेल, हे भट्टीच्या बांधणीइतकेच तिच्यात पडणाऱ्या जळणावर अवलंबून असते, आणि वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या सिंधुदुर्गात हा प्रश्न सर्वांत आधी ओलाव्याचा आहे.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागत असल्याने ओले जळण टाकताच भट्टीतील १,००० अंशांवरचे तापमान उतरते, डांबराच्या वाफा पूर्णपणे विघटित होत नाहीत, आणि तेच डांबर पुढे इंजिनाच्या झडपांवर चिकटते. म्हणून जळणातील ओलावा २० टक्क्यांच्या आत, शक्यतो १५ टक्क्यांपर्यंत असावा लागतो. मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळी हवेत उघडे लाकूड ही मर्यादा सहज ओलांडते. त्यामुळे भातकापणी उरकल्यावर तोड करणे, लाकूड हिरवे असतानाच दोन-तीन इंचांचे तुकडे पाडणे (हिरवे लाकूड तोडण्यास सोपे जाते आणि लहान तुकडे लवकर वाळतात), उन्हाळाभर ते वाळवणे आणि आगोटीच्या बेगमीबरोबर हवा खेळत्या मांगरात भरणे, हाच क्रम येथे योग्य ठरतो. फार मोठे तुकडे भट्टीच्या गळ्यात अडकून वर पोकळी धरतात, तर भुसा हवेची वाट बुजवतो, म्हणून तुकडे चाळून घेणे आवश्यक असते.

किनारपट्टीवर जळण उदंड दिसते, परंतु प्रत्येक जिन्नस वेगळा वागतो. नारळाची फोडलेली करवंटी घन आणि कमी राखेची असल्याने लहान भट्टीला फार मानवते. त्याच नारळाचे सोडण मात्र हलके व तंतुमय असल्याने नीट खाली सरकत नाही, आणि पोटॅशयुक्त राख वितळून तिचे खडे बनतात. काजूच्या टरफलातील तेल न काढता ते वापरल्यास डांबराचा त्रास वाढतो, म्हणून कारखान्यांतील तेल काढलेली टरफलेच विचारात घ्यावीत. जळण बदलले की यंत्रही बदलावे लागते: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या सुट्या पाचटासाठी गॅसिफायर विकसित केला, तो याच कारणाने.

जळण मुद्दाम वाढवायचे झाल्यास बुंधा तोडल्यावर पुन्हा फुटणारी झाडे निवडावीत. गिरिपुष्प हे त्यांतील सर्वांत उपयुक्त होय, कारण त्याच्या फांद्या बांधावर रोवल्या की रुजतात, पाला हिरवळीचे खत म्हणून भातशेतीत जातो आणि लाकूड भट्टीसाठी उरते. ऐन आणि किंजळ यांच्या फांद्या राबासाठी छाटण्याची रीत कोकणात जुनीच आहे, मात्र ही झाडे मुळापासून तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी लागते. सुरूचे लाकूड उत्तम जळते, तरी तोडलेला सुरू सहसा पुन्हा फुटत नाही आणि किनाऱ्यावरील सुरूची बने वाळू धरून ठेवतात, म्हणून त्यांना हात लावणे अनिष्टच. कायद्याने संरक्षित असलेल्या खारफुटीचा तर विचारही करू नये.

१० किलोवॉटचे यंत्र रोज पाच तास चालल्यास ५० युनिट वीज मिळते आणि युनिटला सुमारे १.४ किलो या दराने ७० किलो सुके लाकूड लागते. वर्षात ३०० दिवसांसाठी हे २१ टन होते. हेक्टरी वर्षाला सहा टन उत्पन्न धरले तर साडेतीन हेक्टर जमीन हवी, आणि कातळाच्या सड्यावर तर याहून अधिक. केवळ पावसाळ्याच्या १२० दिवसांचे जळण साडेआठ टनांच्या घरात जाते, ज्यासाठी बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि सात फूट उंच एवढी कोरडी जागा पूर्ण भरते. साडेतीन हेक्टरांचे चार भाग पाडून दरवर्षी एकाचीच तोड केली, तर फुटव्यांना वाढण्यास चार वर्षे मिळतात.