ताडपत्रीखालची रात्र

साडेचौदा किलो. रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड, अशा तीन दिवसांच्या वाटेला निघण्याआधी मी माझी सॅक ओळखीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली, तेव्हा हा आकडा आला. दुकानदार हसून म्हणाला, “डोंगरावर दुकान टाकताय काय?” घरी आल्यावर मी एकेक वस्तू वेगळी तोलली. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, ते कमी करता येत नाही. शिधाही लागतोच. सगळ्यात जड निघाला तो तंबू. दोन माणसांचा, घुमटाच्या आकाराचा, बाजारात सर्रास मिळणारा. खांब, खुंट्या आणि पिशवी धरून तीन किलो दोनशे ग्रॅम.

म्हणजे रात्री आठ तास डोक्यावर राहावा म्हणून तो दिवसाचे आठ तास पाठीवर वाहायचा! हा व्यवहार काही मला पटेना. पण तंबूशिवाय रानात झोपायचं कसं, हेही कळत नव्हतं. त्याचं उत्तर मला डोंगरात मिळालं नाही, ते आपल्याच जिल्ह्याच्या कोरड्या भागात मिळालं.

दिवाळी होऊन गेली होती. नगर-कल्याण रस्त्यावर टाकळी ढोकेश्वरच्या अलीकडे एका मोकळ्या शेतात धनगरांचा वाडा उतरत होता. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरी आणि आसपासच्या गावांतले धनगर पाऊस संपला की मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी परत येतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षातले निम्म्याहून अधिक महिने ही माणसं रोज किंवा दिवसाआड मुक्काम हलवतात. त्यांचं सगळं घर घोड्याच्या पाठीवर. मी गाडी थांबवून बघत उभा राहिलो. एका बाईने घोड्यावरून काठ्या आणि पालाचं कापड उतरवलं, दोन काठ्या उभ्या केल्या, एक आडवी टाकली, वरून कापड सोडलं, कडांना धोंडे बांधून ताणून घेतलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. मग तिने चूल मांडली.

मी विचारलं, “मावशी, पालाचं तोंड इकडेच का केलं?” तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. “वाऱ्याकडं पाठ नको व्हय? आन् पाय उताराकडं.” एवढंच. पण तंबूबरोबर आलेल्या छापील कागदावर हे दोन नियम कुठेच नव्हते. तंबूला चारी बाजू आणि खाली जमीन शिवलेली असते, त्यामुळे तो कसाही ठोकला तरी निभावतं. पालाला फक्त छप्पर असतं. बाकीच्या भिंती जागा निवडून मिळवाव्या लागतात.

पाठीवरचं ओझं कमी करून लांब चालण्याचं हे वेड परदेशातही आहे, आणि तिथे त्याचं मोठं शास्त्र झालेलं आहे. १९५५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातली एम्मा गेटवूड नावाची बाई अपलाचियन ट्रेल ही सव्वातीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरवाट एकटीने, एका दमात चालून गेली. वय ६७, अकरा मुलांची आई. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. तंबू नाही. पावसासाठी तिने न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा घेतला होता. पुढे रे जार्डिन या अभियंत्याने १९९२ मध्ये लांब पल्ल्याच्या पदयात्रेवर एक पुस्तक लिहिलं आणि तंबूऐवजी नुसतं कापड ताणून झोपण्याची पद्धत तिकडे रूढ होऊ लागली. त्याला आता ‘अल्ट्रालाइट’ असं भारदस्त नाव आहे. आपल्या मावशीला ते नाव ठाऊक नसणार.

आता हिशेब. ताडपत्री घ्यायला गेलात की दुकानदार ‘जीएसएम’ विचारतो. कांद्याच्या चाळीवर टाकायला ताडपत्री घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा शब्द नवा नाही. एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, तो जीएसएम. दोन माणसांना तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद कापड पुरतं. ते झालं नऊ चौरस मीटर. चाळीवरची अडीचशे जीएसएमची जाड ताडपत्री घेतली तर सव्वादोन किलो. मग तंबू काय वाईट? शंभर जीएसएमची पातळ घेतली तर नऊशे ग्रॅम. सिलिकॉन चढवलेलं नायलॉनचं कापड पन्नास जीएसएमच्या आसपास येतं, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. ते महाग असतं, पण घडी घातली की दोन भाकऱ्यांएवढं होतं. नवख्याने आधी बाजारातली पातळ ताडपत्रीच घ्यावी असं मी सांगेन. वाऱ्यात ती फडफड वाजते आणि झोपमोड करते, पण चुका स्वस्तात होतात.

दोरी शंभर ग्रॅम, आठ खुंट्या सव्वाशे ग्रॅम, खाली अंथरायला पातळ प्लास्टिक दोनशे ग्रॅम. नायलॉनचं कापड धरून सगळं मिळून नऊशे ग्रॅमच्या आत. खांब वेगळा नकोच, चालताना हातात असते तीच काठी. फक्त ती घरून न्या. अकोले तालुक्यातला हा बराचसा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे काठीसाठी झाड तोडणं, जाळ करणं किंवा पाणी वळवायला भोवती चर खणणं यातलं काहीही करायचं नाही. मुक्कामाला परवानगी आहे का आणि कुठे, हेही वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारून घ्यायचं.

बांधण्याची सोपी रीत अशी. दोन झाडांमध्ये किंवा दोन काठ्यांवर कमरेएवढ्या उंचीवर दोरी ताणा, कापड तिच्यावर निम्मं निम्मं सोडा, आणि ज्या बाजूने वारा येतो ती कड जमिनीला टेकवा. दुसरी कड वीतभर उचललेली ठेवली तर हवा खेळते. वारा वाढला की दोरी गुडघ्यापर्यंत खाली घ्या. छप्पर जितकं बुटकं तितकं ते वाऱ्याला कमी सापडतं.

सह्याद्रीत एक अडचण हमखास येते. वर वीतभर माती आणि खाली कातळ. खुंटी आत जातच नाही, वाकते. तिथे मावशीचीच युक्ती: दोरी मोठ्या धोंड्याला बांधायची. आणि ताडपत्रीच्या कोपऱ्यातल्या धातूच्या रिंगांवर भरवसा ठेवायचा नाही. जोराच्या वाऱ्यात पहिल्यांदा त्याच निसटतात. त्यापेक्षा लिंबाएवढा गुळगुळीत गोटा कापडाच्या कोपऱ्यात आतून धरायचा आणि बाहेरून त्याच्या मानेभोवती दोरी आवळायची. ओढ एका छिद्रावर न येता गोट्याभोवती वाटली जाते, कापड फाटत नाही.

पावसात आणखी एक गंमत होते. छताखालून गेलेल्या दोरीवरून पाणी ओघळत ओघळत थेट तुमच्या अंथरुणापर्यंत येतं. छपराच्या जरा बाहेर त्या दोरीला सुतळीचा चार बोटं लांब तुकडा बांधून लोंबता सोडायचा. पाणी तिथेच खाली ठिबकतं. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, म्हणून झोपण्याआधी सगळ्या दोऱ्या एकदा पुन्हा ताणून घ्यायच्या.

तंबूवाले मित्र मला नेहमी विचारतात की दहिवराचं काय. वास्तविक दहिवराचा जास्त त्रास बंद तंबूलाच होतो. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून साधारण पाव लिटरभर पाणी बाहेर टाकतो. दोघे असतील तर अर्धा लिटर. तंबूची दारं लावली की ही वाफ गार कापडाला लागून थेंब होते, आणि पहाटे कूस बदलताना तेच थेंब अंगावर येतात. मग लोक म्हणतात तंबू गळला! ताडपत्रीखालून वाफ निघून जाते. मात्र तिलाही एक पथ्य आहे. निरभ्र रात्री उघड्या आभाळाखालची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. दव धरतं ते म्हणून. झाडाखाली हे कमी होतं, कारण मध्ये पानं असतात. शिवाय गार हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत ओढ्याकाठी आणि खोलगट जागी साचते. कुमशेतच्या बाजूला मी एकदा असंच हिरवळीचं सुंदर सपाट खळगं पाहून पथारी टाकली होती. सकाळी पांघरूण पिळावं लागलं. तिथून पन्नास पावलं वर, हिरड्याच्या झाडाखालची जमीन कोरडी होती.

विंचू, सापाची भीती खोटी नाही. ताडपत्रीला जमीन शिवलेली नसते. दिवस असतानाच जागेवरचे दगड हलवून बघावेत, दगडी गडग्याला लागून झोपू नये, खरकटं जवळ ठेवू नये, सकाळी बूट झटकून घालावेत. मन धजत नसेल तर तळाला कापड शिवलेली तीनशे ग्रॅमची हलकी मच्छरदाणी आत टांगावी. ती धरूनही वजन सव्वा किलोच्या आत राहतं.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट सांगतो. एप्रिल संपत आला होता. मी आणि माझा भाचा कोकणकड्यावर मुक्कामाला होतो. सूर्यास्त अंथरुणातून दिसावा म्हणून मी छपराचं उघडं तोंड कड्याकडे केलं आणि कडेपासून फार दूरही गेलो नाही. पाचनईचे एक मामा संध्याकाळी तिथून चालले होते. म्हणाले, “भाऊ, हितं वारा खालून येतो. कापाड उचलंल.” आभाळ स्वच्छ होतं. मी हो हो म्हटलं आणि काहीच बदललं नाही.

कोकणकडा म्हणजे अंतर्वक्र, पोटात शिरलेली प्रचंड भिंत. पश्चिमेचा वारा तिच्यावर आदळला की त्याला वर येण्यावाचून वाट नसते. रात्री साडेअकराला वळीव आला. वारा खरोखरच जमिनीतून आल्यासारखा छपराखाली शिरला, शीड फुगावं तसं कापड फुगलं, दोन कोपऱ्यांच्या रिंगा तुटल्या आणि पुढच्या मिनिटाला आम्ही उघड्यावर होतो. विजा चमकत होत्या. पुढचा अर्धा तास भिजत, ठेचकाळत मंदिराजवळच्या लेण्यांकडे गेलो. निम्म्या वाटेत भाच्याचं बोलणं अडखळायला लागलं. मी नाव विचारलं तर तो चिडून भलतंच काही सांगू लागला. उन्हाळ्याचे दिवस, खाली नगरला लोक पंख्याखाली घामाघूम झोपलेले, आणि इथे गडावर ओल्या कपड्यांतलं पोर गारठून बरळत होतं. लेण्यात ओले कपडे काढून त्याला कोरड्या गोणपाटात आणि चादरीत गुंडाळलं, गरम पाणी पाजलं. तास-दीड तासाने तो नीट बोलला. त्याच्या आईला ही गोष्ट आजही पूर्ण ठाऊक नाही; आता रविवारच्या पुरवणीत वाचेल.

ओल आणि वारा एकत्र आले की शरीराची उष्णता भराभर जाते. त्याला कडाक्याची थंडी लागत नाही. थरथर, मग अडखळतं बोलणं, मग गुंगी, असा तो क्रम असतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच गडावर धुक्यात वाट चुकलेल्या पुण्याच्या गटातल्या एकाचा पावसा-थंडीने जीव गेला होता. म्हणून जून ते सप्टेंबर ताडपत्री मी या डोंगरांत मुक्कामाला नेतच नाही. तेव्हाचा पाऊस वरून न येता आडवा येतो, आणि भिंत नसलेलं छप्पर आडव्या पावसाला काय अडवणार? त्या दिवसांत पाचनईत किंवा रतनवाडीत एखाद्या घरी राहावं, तांदळाची भाकरी खावी आणि त्याचे पैसे न घासाघीस करता द्यावेत. ताडपत्रीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. तेव्हाही सॅकमध्ये एक लोकरीचा कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा राहिलाच पाहिजे. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. शेतात घोंगड्याची खोळ घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसांनी ते कधीच ओळखलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा गडावर गेलो. सॅक या वेळी नऊ किलोची होती. तेच मामा भेटले. माझ्या हातातली कापडाची घडी पाहून म्हणाले, “भाऊ, तंबू कुठंय?” मी कड्यापासून बराच मागे, उंचवट्याच्या आडोशाला छप्पर बांधून दाखवलं. त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, खाली बसून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि एकही शब्द न बोलता माझे दोन धोंडे सोडवले. सगळं छप्पर दहा-बारा पावलं बाजूला, करवंदीच्या जाळीमागे नेऊन पुन्हा बांधलं. मग हात झटकत म्हणाले, “आता झोपा.”